भुंगेऱ्यांवर बसून फिरणारे कोळी: ओळख, काढावेत की नाही, आणि जपून कसे ठेवायचे

षट्पद (धागाकर्ता)

पाऊस सुरू होऊन दिव्यावर मोठाले शेणकिडे यायला लागले की दरवर्षी एकच फोटो फिरतो. भुंगेरा उलटा धरलेला, पायांच्या मुळांशी तांबूस ठिपके, आणि खाली प्रश्न: “याला गोचीड लागलेत, कसे काढू?” उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात, म्हणून हा धागा.

गोचीड नाहीत. गोचीड मणक्याच्या प्राण्यांचं रक्त पितो, भुंगेऱ्यावर त्याचं भागत नाही. शेतीवाले ज्यांना कोळी म्हणतात त्या गटातले हे जीव आहेत (जाळं विणणारा कोळी वेगळा), आठ पायांचे, बहुतेक १ मिमीच्या अलीकडे-पलीकडे. भुंगेऱ्यावर ते जेवायला नाही, प्रवासाला बसलेले असतात. याला फोरेसी म्हणतात. शेणाचा पो ओला असतो तोवरच त्यात माश्यांची अंडी, कोवळ्या अळ्या आणि सूत्रकृमी यांची चंगळ असते. तो वाळला की सगळं संपलं. पंख नसलेल्या मिलिमीटरभर जीवाला दोनशे पावलांवरचा पुढचा पो पायी गाठणं जमणारं नाही. शेणकिडा मात्र वासावर नेमका तिथेच उतरतो.

कोण बसलाय हे कळायला आधी तो कसा धरून बसलाय ते पाहायचं. १० पट भिंग पुरतं.

सर्वांत जास्त दिसतो तो मॅक्रोकेलीस. ०.७ ते १.२ मिमी, तपकिरी, पाठीवर एकच सलग ढाल. पुढच्या दोन पायांना नख्या नसतात, ते मिशांसारखे हवेत हलत असतात. भुंगेऱ्याच्या केसांना किंवा सांध्याजवळच्या मऊ कातडीला तोंडाच्या चिमट्यांनी धरून बसतो. प्रवास करणाऱ्या सगळ्या प्रौढ माद्या. नर शेणातच राहतात.

पॅरासिटिडी कुळातले अंगावरून सैरावैरा पळतात. प्रवास करतात ते प्रौढ नव्हेत, त्याआधीच्या अवस्थेतली पिल्लं (ड्युटोनिम्फ), म्हणून पाठीवरची ढाल दोन तुकड्यांत असते: एक पुढे, एक मागे. फिकट नारिंगी रंग आणि पाठीवर आडवी फट दिसली तर हाच.

युरोपोडा गटातले चपटे, गोलसर, कासवासारखे, धोका वाटला की पाय खाचांत ओढून घेणारे. यांची तऱ्हा न्यारी. गुदद्वारातून चिकट स्राव सोडून त्याचा देठ बनवतात आणि त्या देठानं भुंगेऱ्याच्या कवचाला स्वतःला चिकटवून टाकतात. मोकळ्या गुळगुळीत पृष्ठभागावरही ते टिकतात ते यामुळेच.

चौथे सर्वांत बारीक, ०.२ ते ०.४ मिमी, पांढुरके, धुळीसारखे. ही ॲस्टिग्माटा गटाची हायपोपस, म्हणजे प्रवासापुरती अवस्था. तिला तोंडच नसतं, त्यामुळे खाण्याचा प्रश्न येत नाही. पोटाच्या मागच्या टोकाला चूषकांची तबकडी असते, तिच्यावर चिकटलेली असते. पंखकवचाच्या आत बघितल्याशिवाय बहुधा सापडत नाही.

हात लावण्याआधी कोणता अवयव, अंदाजे किती, पळतोय की स्थिर, एवढं टिपून ठेवा. बाकी गोष्टी नंतरही बघता येतात, ही माहिती एकदा गेली की गेली.

माडबाग

माडाच्या बागेत कामगंध (वासानं भुंगे ओढणाऱ्या) सापळ्याच्या बादलीत मिळालेल्या सोंड्या भुंग्याचे पंख उचकटले की आत तपकिरी खवल्यांसारखे थर असतात. गेंडा भुंग्यावरही पळणारे असतात, पण कमी. बागायतदारांचे दोन प्रश्न हमखास येतात. नारळावर चट्टे पाडणारा कोळी तो हाच का? आणि हे कोळी वाढवून भुंग्याचा बंदोबस्त होईल का?

षट्पद

दोन्हींचं उत्तर नाही. पण दोन्ही गैरसमज इतके पसरलेत की थोडं सविस्तर लिहितो.

नारळावर चट्टे पाडणारा इरिओफाइड कोळी (ॲसेरिया ग्वेरेरोनिस) भारतात १९९८ साली केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला आणि नंतर किनाऱ्यानं वर आला. तो ०.२ ते ०.२५ मिमी, अळीसारखा लांबट, आणि पाय फक्त चार. कोवळ्या फळाच्या टोपीखाली राहतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही. टोपीच्या कडेला फिकट त्रिकोणी डाग, पुढे तोच तपकिरी होऊन भेगाळतो, ही त्याची खूण. भुंग्यावर डोळ्यांना दिसतोय म्हणजेच तो इरिओफाइड नाही. अंगावर कोळी असलेले भुंगे पकडून मारले म्हणून नारळावरचे चट्टे कमी होणार नाहीत.

सोंड्यावरचे ते खवले म्हणजे वर सांगितलेले युरोपोडा, देठाचे. सोंड्या भुंग्यावर सेंट्रोयुरोपोडा अल्मेरोडाई ही जात अनेक देशांत नोंदलेली आहे, मुख्यतः पंखकवचाखाली. दाटी झाली की ओझं वाढतं, उडायला जड जातं, इतपत मानता येईल. पण बागेतला सोंड्या त्यानं आटोक्यात येत नाही. भरवसा ठेवू नका.

गेंडा भुंग्यासाठी जे करायचं ते खताच्या खड्ड्यातच. त्याची अळी शेणखतात आणि कुजक्या माडाच्या ओंडक्यात वाढते. खड्डा उपसताना हुमणीसारख्या जाड अळ्या वेचून काढा, ओंडके बागेत पडू देऊ नका. मेटारायझियम बुरशी खड्ड्यात घालायची तर कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेचं प्रमाण दर घनमीटर खताला ५ × १०^११ बीजाणू असं आहे. खत ओलसर असताना मिसळा, कोरड्या खतात बुरशी धरत नाही. लहान माडाला कोंबाजवळच्या पात्यांच्या बेचक्यांत ३-४ डांबराच्या गोळ्या, वर बारीक वाळू, ४५ दिवसांनी पुन्हा.

बादलीतल्या नमुन्यांबद्दल एक सूचना. बादलीत पाणी असतं आणि बुडणाऱ्या भुंग्यावरचे पळणारे कोळी सुटून दुसऱ्यावर चढतात किंवा तळाशी जातात. त्यामुळे “कोणत्या भुंग्यावर कोणता कोळी” ही नोंद बादलीतून करायचीच नाही. देठवाले जागेवर राहतात, तेवढेच ग्राह्य धरा.

कुरण

गोठेवाल्यांच्या बाजूनं लिहितो, कारण मॅक्रोकेलीसची खरी किंमत उकिरड्यावर कळते.

मॅक्रोकेलीस मस्कीडोमेस्टिकी ही जात घरमाशीची अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या खाते. एक मादी दिवसाला वीसपर्यंत अंडी फस्त करते. मोठ्या अळीचं कातडं तिच्या आवाक्याबाहेरचं, म्हणजे कामाचा काळ माशीनं अंडी घातल्यापासून पहिल्या दिवसाचाच. २७-३० अंश तापमानाला अंड्यापासून प्रौढ व्हायला तिला जेमतेम तीन दिवस लागतात, माशीपेक्षा कितीतरी लवकर. शिवाय न फळलेल्या अंड्यांतून नर जन्मतात. त्यामुळे भुंगेऱ्यावरून किंवा माशीवरून एकच, नराशी न जुळलेली मादी उतरली तरी ती नर घालते, पुढे त्याच्याशीच जुळते आणि वसाहत उभी राहते.

ही मंडळी ढिगाच्या बाहेरच्या थरात, वरच्या बाजूला असतात, कारण माशी तिथेच अंडी घालते. आता चूक कुठे होते ते बघा. कोंबड्यांच्या शेडमधली विष्ठा एका दिवसात तळापर्यंत खरवडून काढतात. माश्या दुसऱ्या दिवशी बाहेरून उडत येतात, कोळ्यांना परतायला दिवस लागतात. या मधल्या काळात माश्या उसळतात आणि दोष विष्ठेला जातो. त्यावर उपाय म्हणजे तळाला १०-१५ सेंमी जुना, कोरडा थर ठेवायचा, किंवा एकाआड एक रांग उपसायची आणि उरलेल्या रांगा दोन-तीन आठवड्यांनी.

ओल हा दुसरा मुद्दा. चिखल झालेल्या विष्ठेत कोळी टिकत नाहीत, माशीच्या अळ्या मात्र मजेत असतात. पाण्याच्या निपलची गळती बंद केली तरी निम्मं काम होतं. ढिगावर पायरेथ्रॉइड फवारलं तर आधी कोळी मरतात. प्रौढ माशी मारायची तर फवारा भिंतींवर आणि खांबांवर, खतावर नाही. अळीनाशक लागलंच तर सायरोमॅझिनचा कोळ्यांना त्रास त्या मानानं कमी.

आणि आयव्हरमेक्टिन. जंताचं इंजेक्शन दिलेल्या गुराच्या शेणातून ते कित्येक दिवस बाहेर पडत राहतं आणि शेणकिड्याच्या अळ्या मारतं. शेणकिडा नाही तर कोळ्याला वाहन नाही. पशुवैद्यकाला विचारून फेनबेंडाझोलसारखं औषध चालत असेल तर शेणकिड्यांच्या ऐन हंगामात ते बरं. आयव्हरमेक्टिनच हवं असेल तर त्या जनावरांचं पहिल्या पंधरवड्याचं शेण कुरणावर पडू न देता गोबरगॅसच्या टाकीत घाला.

काकदृष्टी

धाग्याचा सूर “बिचारे प्रवासी, निरुपद्रवी” असा चाललाय, तो मला पटत नाही. मॅक्रोकेलीस सबबेडियस हा उत्तर अमेरिकेतल्या वाळवंटी फळमाशीवर नुसता बसत नाही, तिच्या अंगातला रस पितो. सँकॅसेनियाच्या (हा वरच्या ॲस्टिग्माटा गटातलाच) काही जाती हुमणीवर किंवा भुंगेऱ्यावर हायपोपस होऊन बसतात ते यजमान (ज्याच्यावर बसलेत तो) मरायची वाट पाहत. मेला की तोंड फुटतं आणि प्रेतावर पैदास. प्रयोगशाळेत हुमणी वाढवणाऱ्यांना पांढऱ्या पिठासारखा हा थर चांगला परिचित आहे. मग फुकट प्रवास आणि परजीवीपणा यांत रेघ कुठे ओढायची?

षट्पद

तुमचा आक्षेप रास्त आहे. रेघ जातीनिहायही ओढता येत नाही. तीच जोडी एका परिस्थितीत उपकारक, दुसऱ्या परिस्थितीत नुकसानीची. यावर सर्वांत बारकाईचं काम झालंय ते प्रेत पुरणाऱ्या भुंगेऱ्यांवर (नायक्रोफोरस). आपल्या पठारावर ते नाहीत. भारतात नायक्रोफोरस नेपालेन्सिस हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येकडे आढळतो. अभ्यास मुख्यतः युरोपातल्या नायक्रोफोरस व्हेस्पिलॉइड्सचा आणि त्याच्यावरच्या पोसिलोकायरस काराबी या कोळ्याचा.

भुंगेऱ्यांची जोडी मेलेला उंदीर किंवा पक्षी जमिनीत पुरते, केस-पिसं काढून गोळा करते आणि त्यावर पिल्लं वाढवते. अंगावरच्या ड्युटोनिम्फ प्रेतावर उतरतात, कात टाकून प्रौढ होतात, अंडी घालतात. त्यांची पुढची पिढी ड्युटोनिम्फ होईस्तोवर भुंगेऱ्यांचं संगोपन संपत आलेलं असतं. नर आधी निघतो, त्याच्यावर बरेच चढतात, उरलेले मादीवर. वेळेचा मेळ इतका नेमका की चुकलेल्याला दुसरं वाहन मिळणं कठीण.

प्रेतावर निळ्या माशीची अंडी असतील तर हे कोळी ती खातात, आणि माशीच्या अळ्या भुंगेऱ्याच्या पिल्लांच्या तोंडचं अन्न पळवतात म्हणून भुंगेऱ्याचा फायदा. माश्या नसतील तर तेच कोळी प्रेतात वाटेकरी होतात, भुंगेऱ्याची अंडीही खातात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनात (२०२०) हे तापमानाशी जोडून दाखवलंय: तापमान फार चढलं किंवा फार उतरलं, माश्यांचा जोर वाढला, की त्रासदायक वाटेकरी राखणदार ठरतात.

त्यामुळे “काढू का?” याचं उत्तर असं. मोकळ्यावरच्या भुंगेऱ्यावरचे काढू नका, तो त्यांच्यासकटच जगत आलाय. पैदाशीच्या डब्यात मात्र बाहेर पो नाही, उतरायला जागा नाही, संख्या फुगत जाते, तिथे काढा.

माडबाग

ऑस्ट्रेलियात शेणकिडे नेले तेव्हा कोळ्यांचं काय केलं?

कुरण

आधी कटाक्षानं टाळले, मग मुद्दाम आणले. तिथले देशी शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांचे सवयीचे, गुरांचे पो त्यांना झेपेनात, आणि माश्यांची चैन झाली. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं बाहेरच्या जाती आणल्या, पहिली सोडणूक १९६८ साली. प्रौढ भुंगेरे बाहेर सोडले असते तर रोग आणि कोळीही आले असते, म्हणून फक्त अंडी आणायची, त्यांचा पृष्ठभाग निर्जंतुक करायचा, आणि हातानं वळलेल्या शेणगोळ्यात एकेक अंडं ठेवून पिढी वाढवायची. म्हणजे भुंगेरे पोचले, त्यांचे स्वार मागे राहिले. पुढे १९८० च्या सुमारास म्हैसमाशीवर (गुरांचं रक्त पिणारी माशी) उपाय म्हणून दक्षिण आफ्रिकेतून मॅक्रोकेलीस पेरेग्रिनस हा कोळी वेगळा मागवून सोडण्यात आला, आणि पसरला तो त्याच शेणकिड्यांवर बसून.

भिंगवाला

आता जमवण्याचं. अर्धे नमुने इथेच वाया जातात.

एका भुंगेऱ्याला एक कुपी. दोन एकत्र टाकले की कोळी अदलाबदल करतात आणि नोंद खोटी ठरते. जिवंत भुंगेऱ्यावरचे काढायचे तर त्याला १० मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात (बर्फाच्या नाही) ठेवून मंद करा, पांढऱ्या बशीत उलटा करा आणि शून्य नंबरचा ओला ब्रश कोळ्याच्या मागून पुढे फिरवा. कोरड्या ब्रशला तो चिकटत नाही. मॅक्रोकेलीस केस धरून असतो, ओढलात तर चिमटे तुटून केसावर राहतात आणि नेमके तेच ओळखीला लागतात. ब्रशच्या टोकानं हलवत राहा, स्वतः सोडतो. युरोपोडाचा देठ बारीक सुईनं भुंगेऱ्याच्या बाजूनं कापा. अंगावर कीटकनाशक, डेटॉल, अल्कोहोल काही नको. कोळ्यासोबत भुंगेराही जातो.

भुंगेरा संग्रहासाठी मारला असेल तर मरता मरताच पळणारे कोळी उतरतात. म्हणून मारायच्या बाटलीत पांढरा टिश्यू घाला आणि तोही तपासा.

साठवण ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये, २ मिलीच्या फिरकीच्या झाकणाच्या कुप्या. इथेनॉल मिळवायला अडचण असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आकारावरून ओळखण्यापुरतं चालतं. हात धुवायची जेल नको, तिच्यातला घट्टपणा अंगावर बसतो. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल आणि थंड जागा. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीनं. बॉलपेनची शाई दोन दिवसांत विरघळते.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर आधी पारदर्शक करावं लागतं. खळगा असलेल्या काचपट्टीवर लॅक्टिक ॲसिडचा थेंब, त्यात कोळी, आणि ५० अंशांना काही तास ते एक दिवस. फिकट ड्युटोनिम्फला कमी, जाड कवचाच्या युरोपोडाला जास्त. दिव्याच्या ज्योतीवर घाई केली की आतून फुगून पाय गळतात. खळग्यावर काचेचं आवरण अर्धवट सरकवलेलं ठेवलं तर ते हलवून कोळी लोळवता येतो, पाठ-पोट दोन्ही दिसतात. हौशी माणसानं इथे थांबलं तरी चालतं.

कायमची पट्टी हॉयर माध्यमात: पाणी ५० मिली, डिंक (गम अरेबिक, स्वच्छ खडे) ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली, याच क्रमानं. आधीचं पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचं घालू नका, शेवटी काचलोकरीतून गाळा. डिंकाची पूड वापरली तर बुडबुडे जात नाहीत. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि संस्थेमार्फतच मागवावं, घरी खटाटोप नको. एका जातीचे दोन नमुने असतील तर एक पोट वर करून, एक पाठ वर करून बसवा. ढालींची मांडणी एका बाजूनं कळत नाही.

चाफेकळी

पट्टी बनवून ४५ अंशांना आठवडाभर वाळवली तरी जुलैत काचेखालून माध्यम सरकतं आणि कोळी कडेला जातो, हे कशानं?

भिंगवाला

हॉयर हवेतलं पाणी ओढतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात आठवडा पुरत नाही. ४५ ते ५० अंशांना तीन-चार आठवडे ठेवा आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या, गार होऊन ओल धरायच्या आत, कडेनं ग्लिप्टॉल (कडा बंद करायचा रंग) किंवा साध्या नेलपॉलिशचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. आधीच सरकलेल्या पट्ट्या कोमट पाण्यात एक रात्र ठेवल्या की आवरण सुटतं आणि कोळी नव्यानं बसवता येतो, हॉयर पाण्यात विरघळतं हा त्याचा फायदा. काचेखाली पांढरे स्फटिक दिसत असतील तर मात्र माध्यमच सुकून घट्ट झालंय, नवीन करा.

काकदृष्टी

ओळख पक्की कुणाकडून करायची? आणि पट्टीवर काय लिहायचं?

षट्पद

पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. माडाच्या भुंग्यांसंबंधी असेल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ किंवा रत्नागिरीजवळचं भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र. नमुने पाठवण्याआधी पत्र किंवा मेल करून विचारा, न विचारता कुपी पाठवू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवायचा तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. फोटो मात्र कुणालाही पाठवा.

पट्टीच्या डाव्या चिठ्ठीवर यजमान भुंगेऱ्याचं नाव आणि त्याचा संग्रह क्रमांक, अंगावरची जागा, गाव-तालुका-जिल्हा, तारीख, कसा मिळाला (दिवा, पो, सापळा), कोणी जमवला. उजवीवर कोळ्याचं नाव, अवस्था, नर-मादी, माध्यम. भुंगेराही टाचून त्याच क्रमांकानं ठेवा. कोळ्याचं नाव पुढे बदलू शकतं, भुंगेऱ्याची ओळख चुकलेली निघू शकते, आणि दोन्ही हाताशी असले तरच दुरुस्ती करता येते.